नकाशा जमिनीवर ठेवणारा

नकाशा बनवणारा माणूसही रस्ता चुकू शकतो, हे मी चकलांब्याजवळ सिद्ध करून दाखवलं. मेंढपाळांना पाणवठे सापडावेत म्हणून आम्ही मोबाइलवरचा नकाशा तयार केला होता. तो दाखवायला मला पहिला भेटला तो तांबड्या मुंडाशातला एक म्हातारा. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याचं नेहमीचं तळं आटलं होतं आणि मेंढ्या सकाळपासून तहानलेल्या होत्या.

त्यानं समोरचा डोंगर पाहिला आणि नकाशातला डोंगरही पुढेच यावा म्हणून मोबाइल उलटा धरला. नकाशा आपोआप सुलटा झाला.

"ह्यो कावून फिरतोय?"

"बाबा, कसाही धरा, उत्तर दिशा वरच राहते. मीच तशी सोय केलीय."

हे सांगताना माझी छाती फुगली होती. स्क्रीनवर पाणी असलेलं दुसरं तळं डावीकडे होतं, म्हणून मी डावीकडे हात केला. आमची तोंडं दक्षिणेला आहेत, म्हणजे नकाशातलं डावं आमच्या उजव्या हाताला आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अर्धा तास चालून फक्त खडक सापडले. एक मेंढी तिथंच बसली.

म्हातारा चिडला नाही. "लई हुशार हाय तुमचा नकाशा, साहेब. पण त्यो तुमच्याशी बोलतोय, माज्याशी न्हाई."

मग त्यानं मोबाइल जमिनीवर आडवा ठेवला, डोंगरासमोर डोंगर येईपर्यंत हळूहळू फिरवला आणि बसलेल्या मेंढीला खांद्यावर घेऊन उजवीकडे निघाला. आडव्या मोबाइलला आपली वरची बाजू कोणती ते कळत नाही, त्यामुळे माझी सोय चालत नव्हती. गावांची नावं उलटी दिसत होती, पण त्याला नावं वाचायची नव्हती.

मेंढ्यांनी पाण्यात तोंडं घातली, तेव्हा मी काठावर बसून ती सोय काढून टाकत होतो.