देवयानीचा फोटो

माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. तो बंद केल्यापासून ते फोटोंविषयी फारसं बोलत नसत. कुणी मोबाईलवर काही दाखवलं, की 'छान' म्हणून नजर वळवत. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी परसात दुर्बिणीला कॅमेरा जोडत असताना ते मफलर गुंडाळून बाहेर आले, याचं मला नवल वाटलं.

"कुणाचा फोटो काढतोयस?"

"देवयानी दीर्घिकेचा, अण्णा."

कॅमेरा पुरता जोडण्याआधी त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. एक पुसट, धुरकट डाग तेवढा दिसला. मी एकेका मिनिटाचे फोटो घेत राहिलो आणि ते खुर्ची ओढून शेजारी बसले. तासाभराने सगळे फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले, तेव्हा त्या डागातून दीर्घिकेचे वळणदार बाहू हळूहळू उमटत गेले. अण्णा पुढे वाकले.

"डेव्हलपरच्या रसायनात कागद बुडवला, की चेहरा असाच वर यायचा."

हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, असं मी त्यांना सांगितलं. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे मला नेहमी आपलं सगळं जगणं क्षुल्लक वाटतं. अण्णांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. फार लांबून आलेलं गिऱ्हाईक समोर बसलेलं असावं, तसे ते खुशीत होते.

"मधला भाग फार पांढरा झालाय," ते म्हणाले. "सरक जरा, मी बघतो."

मी उठून त्यांना जागा करून दिली.