होमरच्या किनाऱ्यावरची संकष्टी

तिकिटं यांनी आधी काढली आणि मला नंतर विचारलं. न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत नवरा निवृत्त झाला की आधी गॅरेज आवरलं जातं आणि मग स्वस्त विमानं सापडायला लागतात. "अगं, नेवार्क ते अँकरेज, मध्ये एकच थांबा. जुलैअखेर. रुचाला भेटू, बर्फ बघू."

रुचा आमची एकुलती एक. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. दोन वर्षांच्या करारावर अलास्कात होमर नावाच्या गावी गेली होती. तो करार संपत आला आणि तिथल्याच लोकांनी तिला कायमची नोकरी देऊ केली. उत्तर द्यायचं होतं सोमवारी, आम्ही पोचणार होतो त्याआधीच्या बुधवारी. हे निघाले बर्फ बघायला. मी निघाले लेकीला परत आणायला. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना गैरसमज नको.

एक मात्र बरं जुळलं होतं. शनिवारी संकष्टी येत होती. रुचाच्या जन्माआधीपासून मी संकष्टी करते. चंद्र बघून अर्घ्य दिल्याशिवाय जेवत नाही. या चतुर्थीला गणपतीकडे एवढंच मागायचं ठरवलं: पोरगी घरी येऊ दे. आमच्या देवळातल्या पत्रकातून चंद्रोदयाची वेळ उतरून घेतली आणि बॅग भरली. साबुदाणा, दाण्याचं कूट, तांदळाची पिठी, गूळ, मेतकूट, लहान कुकर. जाणाऱ्यांनीही असंच न्यावं. तिथे किराणा महाग आहे. जे लागेल ते अँकरेजच्या मोठ्या दुकानातच भरून घ्या, पुढे गावं लहान होत जातात आणि किमती मोठ्या.

रुचा विमानतळावर तिची जुनी गाडी घेऊन आली होती. उन्हाळ्यात तिथे भाड्याच्या गाडीचे दर ऐकूनच घाम फुटतो, ते सगळे पैसे वाचले. ती वाळली होती. गालांना वाऱ्यानं रंग चढला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आई, डबे मागच्या सीटवर ठेवू नकोस. रात्री सगळं आत न्यायचं. अस्वलं येतात."

"हिंगाच्या वासाला?" यांनी विचारलं.

"बाबा, हिंगाला ती पळून जातील. गुळाला येतील."

अँकरेज सोडलं आणि दहा-पंधरा मिनिटांत रस्ता पाण्याला जाऊन भिडला. एका हाताला उभा कातळ, दुसऱ्या हाताला रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे समुद्राचा लांबच लांब फाटा. ओहोटी होती. चिखल चांदीसारखा चमकत होता, त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मला उतरून पाय ओले करावेसे वाटले, पण त्या चिखलात माणसं रुततात, तशा पाट्याच आहेत. काठावरूनच बघा. पुढे डोंगरांच्या खांद्यांवर बर्फ दिसू लागला. प्रत्येक वळणाला मला वाटे, हेच शेवटचं सुंदर. मग पुढचं वळण यायचं. मी मनात गणपती स्तोत्र म्हणत होते, ते कुठल्या ओळीवर थांबलं ते कळलंच नाही.

सेवर्डला दोन रात्री राहिलो. अडीच-तीन तासांचा रस्ता, पण आम्हाला पाच लागले, कारण हे दर पाटीला उतरत होते. खोली रात्रीची दोनशे डॉलरच्या वर गेली. लवकर आरक्षण केलं तर जरा स्वस्त पडते. खोलीत मायक्रोवेव्ह होता, म्हणून मेतकूट-भातावर भागलं.

दुसऱ्या दिवशी एक्झिट ग्लेशियर. प्रवेश फुकट, गाडी ठेवायलाही पैसे नाहीत, फक्त सकाळी लवकर जा. तिथे जाताना रस्त्याच्या कडेला आकडे लिहिलेले खांब आहेत. हिमनदी त्या त्या वर्षी कुठपर्यंत होती, त्याच्या त्या खुणा. आधी शंभर वर्षांपूर्वीची, मग पन्नास, मग आपल्या आठवणीतली वर्षं. बर्फाचा मात्र कुठे पत्ता नाही, नुसती झाडी. मग एकदम झाडी संपली आणि वर तो निळा दिसला. आकाशाचा नव्हे, समुद्राचाही नव्हे. देवघरातल्या निरांजनाच्या ज्योतीत अगदी तळाशी असतो ना, तो निळा.

आमच्या शेजारी क्युपर्टिनोचं एक मराठी कुटुंब उभं होतं. त्यातला बाप बायकोला म्हणाला, "अरे यार, एवढंसंच? फोटोत तर केवढं मोठं होतं!" मग मला बघून, "काकू, जरा आमचा फोटो काढता का? ग्लेशियर पूर्ण येऊ दे हं."

"त्याला मागे सरकायला सांगू का?" मी म्हटलं. रुचा खो खो हसली. तेवढ्या वेळात मी तिच्याकडेच बघत होते. घरी असताना ती अशी कधी हसायची?

बर्फ मागे गेला, की त्या उघड्या दगडगोट्यांत आधी एक जांभळट गुलाबी फुलाचं रोप उगवतं. फायरवीड. सगळा उतार त्यानं भरला होता. "बाकी कोणी यायच्या आधी हे येतं," रुचा म्हणाली आणि वाकून एका पानावरचा किडा बघत बसली. आम्ही दोघं वाट बघत उभे. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

शुक्रवारी होमरला निघालो. चार तासांचा रस्ता. वाटेत नदी लागते, तिचं पाणी हिरवट-निळं, मुद्दाम रंग कालवल्यासारखं, आणि तिच्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली, गळ टाकून गप्प झालेली माणसं. पुढे समुद्रापलीकडे ज्वालामुखी दिसतात, पांढरे, हवेत तरंगणारे. शेवटी एका टेकडीवरून खाली उपसागर दिसतो. त्यात मैलोन्मैल घुसलेली वाळूची एक बारीक पट्टी, आणि पलीकडे डोंगरांतून ओघळलेल्या हिमनद्या. "हे माझं ऑफिस," रुचा म्हणाली.

तिची खोली एवढीशी. पण खिडकीत तुळस होती. "मरेल गं थंडीत," मी म्हटलं. "दोन हिवाळे काढले तिनं, आई."

शनिवारी उपास केला. दुपारी मी उकड काढली, रुचा मोदक वळायला बसली. तिच्या मोदकांना कळ्या कमी आणि भेगा जास्त. पत्रकातली वेळ झाली तशी मी ताम्हन, अक्षता, तांब्या, फायरवीडची चार फुलं घेऊन अंगणात उभी राहिले. समोर डोंगरावर चक्क ऊन! हे म्हणाले, "चंद्राचं विमान लेट आहे."

"आई, ही वेळ न्यू जर्सीची आहे," रुचा पत्रक बघून म्हणाली. "इथे तो बऱ्याच उशिरा येतो. सीरियसली, सकाळपासून तू काहीच खाल्लं नाहीस? थोडं तरी खा. देव काय पनिशमेंट देणार आहे?"

"पनिशमेंटचा प्रश्न नाही. मला त्याच्याशी बोलायचंय."

तिनं मोदकांचा डबा झाकला आणि गाडीची किल्ली उचलली. "चल. इथून दिसणारच नाही तो. मला माहितीये कुठून दिसतो."

"तुला कसं माहीत?"

"भरती-ओहोटी बघूनच आम्ही पाण्यात उतरतो. चंद्र कुठे आहे ते कळायला नको?"

वाळूच्या पट्टीच्या टोकाला जाऊन बसलो. सूर्य बुडाला होता, तरी अंधार होत नव्हता. आकाश केशरी, मग मोरपिशी, मग राखाडी. पाणी गोट्यांवरून मागे सरताना बारीक किणकिणत होतं. हे गाडीत घोंगडी पांघरून घोरत होते. रुचानं माझ्या खांद्यावर तिचा जाड कोट टाकला. भूक कधीच मेली होती. आपण जागे आहोत की झोपेत, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

"आता," ती हळूच म्हणाली. "आधी डोंगरामागचं आकाश उजळतं. त्या खिंडीत बघ."

खिंडीतलं आकाश उजळलं. खालची हिमनदी दुधासारखी दिसू लागली. आणि मग तिच्या माथ्यावरून तो आला, एका बाजूनं झिजलेला, पिवळा, घाई नसलेला. मी उठले, पाण्याशी गेले, तांब्यातून अर्घ्य सोडलं. तोंडाशी आलेलं मागणं काही बाहेर पडेना. मागे लेक उभी होती, इथला चंद्र कुठल्या खिंडीतून येतो ते ठाऊक असलेली. तिला इथून उचलून न्यायला मी देवाला कोणत्या तोंडानं सांगू? नुसता नमस्कार केला.

"काय मागितलंस?" तिनं विचारलं.

"सोमवारी काय सांगणार आहेस त्यांना?"

तिनं खाली बघितलं. "तू नाही म्हणालीस तर त्यांना नाही म्हणून सांगेन. रागानं नाही हं. खरंच."

एवढं सोपं होतं. एक शब्द. मी डबा उघडला, तिला एक भेगाळलेला मोदक दिला, एक मी घेतला.

"काय गं," मी विचारलं, "हिवाळ्यात पण चंद्र इतका रडवतो का इथे?"

"नाही. हिवाळ्यात संध्याकाळीच वर येतो. खूप उंच."

"मग बरं. डिसेंबरची चतुर्थी इथेच करू. तिकिटं बाबांना शोधू देत."

मोदक तसाच हातात धरून ती माझ्या कुशीत शिरली आणि लहानपणी रडायची तशी आवाज न करता रडली. गाडीतून आवाज आला, "आला का चंद्र? मोदक उरलेत ना?"

आता घरी येऊन पंधरा दिवस झाले. हिशेब लावला. विमान सोडून दोघांचा खर्च हजाराच्या जरा वर गेला. राहायला आपलं माणूस नसेल तर दुप्पट धरा. बोटीच्या सहली महाग असतात, त्या आम्ही केल्या नाहीत आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उबदार कपडे जुलैतही न्या. उपासतापास करणाऱ्यांनी तिथल्या चंद्रोदयाची वेळ तिथल्याच कोणाला विचारावी. अजूनही दुपारी डोळा लागला की ती राखाडी, किणकिणणारी संध्याकाळ दिसते, आणि उठल्यावर घर जरा वेळ परकं वाटतं.

काल रुचाच्या इथल्या खोलीतले हिवाळ्याचे कपडे, गोडा मसाला आणि मेतकूट भरून पोस्टात गेले. ठरावीक दराचं खोकं मिळतं, त्यात मावेल तेवढं कोंबा, अलास्काला जायलाही तेवढेच पैसे. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, ती तात्पुरती गेली आहे. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला आणि कौतुकानं विचारलं, "अलास्का! कोणी फिरायला गेलंय का?"

"नो," मी म्हटलं. "माय डॉटर. शी लिव्हज देअर."