जपानी कंपनीचा तोंडपाठ इतिहास

मुलाखतीत कंपनीचा इतिहास विचारतात, हे कॉलेजात असताना माझ्या डोक्यात बसलं ते कायमचंच. त्यामुळे २०२०च्या डिसेंबरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका जपानी कंपनीच्या डब्लिन ऑफिसने मला खेळांतल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मी सरळ घोकंपट्टीला लागले. डब्लिनजवळच्या नास गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता माझा जप चाले. आधी दोन मित्रांचं ज्यूकबॉक्स दुरुस्तीचं दुकान. मग नाणं टाकून खेळायची यंत्रं. मग घरच्या टीव्हीला जोडायच्या कॅसेटी. मग स्वतःचं यंत्र बाजारात आणायचा नाद, त्यात तोंडावर आपटणं, आणि शेवटी शहाणं होऊन दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी खेळ तयार करणं.

ही नोकरी मला हवीच होती. नवरा चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर. त्याच्यामागे आयर्लंडला आल्यापासून मी कागदोपत्री ‘डिपेंडंट’. त्या शब्दाची मला चीड होती, अजूनही आहे. पुढे कामाची परवानगी मिळाली, तर अर्जांना उत्तरंच येईनात. इतकी वर्षं घरी काय केलंत, या प्रश्नावर मी काय सांगणार होते?

माझी उजळणी घ्यायला सासूबाई होत्या. कोल्हापूरहून काही महिन्यांसाठी नातीला बघायला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये इथेच अडकल्या. नातीला मराठी समजायचं, उत्तर मात्र ती आयरिश हेलाच्या इंग्रजीत द्यायची. बाहेर पाऊस आणि थंडी, बोलायला शेजारपाजार नाही. बाई अगदी कंटाळल्या होत्या. रोज सकाळी पहिला प्रश्न ठरलेला, “इमानं सुरू झाली का गं?” पण कंपनीच्या इतिहासात त्या रमल्या. त्यांच्या लेखी ती घराण्याची गोष्ट होती. ते दोन मित्र वेगळे झाले म्हटल्यावर हातातली भाजी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “आणि बायका? त्या बोलत हुत्या का एकमेकींशी?” हे मात्र मी वाचलं नव्हतं.

मुलाखत बेडरूममध्ये बसून दिली. पडद्यावर दक्षिण आयर्लंडातल्या कॉर्ककडचा, लोकरी स्वेटर घातलेला एक हसरा मॅनेजर. त्याने विचारलं, “आमचा कुठला खेळ तू शेवटपर्यंत खेळली आहेस?” मी इतकी घाबरले होते की ज्यूकबॉक्सपासून सुरुवात केली आणि थांबलेच नाही. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “ग्रँड,” तो म्हणाला, “यातलं निम्मं मलाच माहीत नव्हतं. पण खेळ?”

“एकही नाही,” मी म्हणाले.

मग खरं ते सांगून टाकलं. ही कंपनी आमच्या नाशिकपर्यंत कधी पोचलीच नाही. आमच्याकडे यायच्या त्या तिच्या खेळांच्या नकली कॅसेटी. त्यांच्यात खेळ साठवून ठेवायची सोय नसे. टीव्ही बंद केला की सगळं पुसलं जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या उन्हाळी सुट्ट्या मी सुरुवातीच्याच पातळ्या खेळत काढल्या. शेवटी काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. पण पहिल्या पातळीत कुठल्या भिंतीशी उडी मारली की माणूस अर्धा आत अडकतो, कुठला पक्षी मध्येच गायब होतो, ते मी झोपेतही सांगेन.

तो हसायचा थांबला. “कंटाळा नाही आला?”

“आला. पण अडकतो का, ते पुन्हा बघावंसं वाटायचं.”

“आमचं काम हेच आहे,” तो म्हणाला.

नोकरी मिळाली. मी घरभर नाचले, लेकीलाही नाचवलं. आणि नाताळाच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्याच नाहीत. सहा वर्षांची पोर दिवसभर घरात. नवऱ्याचं काम घरून होण्यातलं नव्हतं. माझं घरून, पण खेळ अजून बाजारात यायचा होता, तो बाहेर फुटू नये म्हणून खोलीत दुसरं कुणी चालणार नाही अशी अट. त्यात नेमकी त्याच आठवड्यात सासूबाईंची विमानाची जागा पक्की झाली. इतके महिने डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली होती त्यांनी. बॅग भरून दाराशी उभी होती. त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि म्हणू नये असंच मला वाटत होतं. मी लॅपटॉप उघडला आणि नोकरी घेऊ शकत नसल्याचं लिहायला बसले. ओळी दिसेनाशा झाल्या.

“काय लिवतीस?” त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी सांगितलं.

“खोड ते. मी न्हाई जात.” कोल्हापूरच्या बायकांच्या रीतीने त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलत. “पोरीला मी सांभाळतो. तू दार लावून बस खुशाल.”

“आई, नको. तुम्ही किती वाट बघताय. तुमचं घर, तुमच्या बहिणी...”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला मास्तरणीची नोकरी लागली हुती. तुझा नवरा तवा तान्हा हुता. माझ्यासाठी कुणी थांबलं न्हाई.”