वोर्कनेशचं वय

वोर्कनेशचं खरं वय आमच्या जिन्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारला मात्र ते तारखेनिशी ठाऊक होतं. एक जानेवारी एकोणीसशे साठ. इथिओपियाहून आलेल्यांत ज्याला आपली जन्मतारीख सांगता आली नाही, त्याला कारकुनानं एक जानेवारी देऊन टाकली. आमच्या दिमोना गावात त्यामुळे निम्म्या इथिओपियन म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो आणि कुणीच तो करत नाही.

कागदावर ती पंचावन्नची होती. शाळेचे वर्ग पुसायचं काम करायची, तेही शाळेच्या पगारावर नाही, कंत्राटदाराच्या. पहाटे पाचला निघायची. गुडघे इतके गेलेले की जिना उतरताना एक हात भिंतीला आणि दुसरा कठड्याला. पेन्शनला अजून सात वर्षं होती, तीही कागदावरची. एकदा मधल्या मजल्यावर बादलीसारखी धपकन बसली ती. मी तिला उठवलं आणि विचारलं, "बाई गं, खरं सांग, तुझं वय काय?"

ती हसली. "टोळधाड आली ना, सगळं पीक खाल्लं, त्या वर्षी माझं लग्न झालं. तेव्हा मी घागर डोक्यावर नेऊ शकत होते, भरलेली नाही, अर्धी."

आता हा काही जन्माचा दाखला नव्हे. पण मी पेणची. हिशेबाला पक्की. अर्धी घागर नेणारी मुलगी बारा-तेरा वर्षांची धरली, तर ही बाई सत्तरीला टेकलेली होती.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा आम्ही पेणहून इथं, यहुद्यांच्या नव्या देशात आलो. आमचं बोचकं लहान होतं, पण वडिलांच्या कोटाच्या आत मेणकापडात गुंडाळलेले कागद होते. आम्हा पाचही भावंडांचे जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, आईबाबांच्या लग्नाचा कागद. बोटीवर आई आम्हाला कमी आणि त्या मेणकापडाला जास्त जपत होती. इथं आल्यावर आमचेही हाल झाले, ते काही मी लपवत नाही. 'शहराजवळच आहे' असं सांगून वाळवंटात उतरवलं. आम्ही खरे यहुदी आहोत की नाही यावर मोठमोठी माणसं वाद घालत होती, आणि कापडगिरणीत आमच्याच वाट्याला रात्रपाळी. पण आम्ही भांडलो. कागद टेबलावर आपटले. माझा मुलगा आज इंजिनीअर आहे, मुलगी इस्पितळात मोठी नर्स आहे, मला गिरणीचं आणि सरकारचं, दोन्हीकडचं पेन्शन येतं. त्यामुळे माझी एक वाईट खोड झाली होती. इथिओपियन शेजाऱ्यांकडे पाहिलं की वाटायचं, आम्हाला जमलं, मग यांना का जमू नये? हे मी बोलूनही दाखवायची. आज त्याची लाज वाटते.

त्यांच्या न जमण्याचं खापर मी एका शब्दावर फोडायची. 'इशी'. म्हणजे बरं, ठीक, होय. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते लोक नाही म्हणत नाहीत. नजर खाली, आणि इशी. कारकून म्हणाला, वय तीस लिहू? इशी. इथं सही कर? इशी. ही मोडकी खोली चालेल? इशी.

"अगं, एकदा तरी नाही म्हणावं," मी वोर्कनेशला सांगायची.

"इशी," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

वय दुरुस्त करायला कोर्टात जावं लागतं. ते सगळं मी अंगावर घेतलं. फुकट वकील मिळवली, एक तरुण, धडपडी पोरगी. तिनं टोळधाडीचं साल शोधून काढलं. अर्ज गेला, बेरशेव्याच्या कोर्टाची तारीख आली. फक्त एक साक्षीदार हवा होता, तिला तिकडून ओळखणारा. तो होता आबा तगेन्ये. त्यांच्या समाजातला मोठा माणूस, पांढरा पंचा खांद्यावर, हातात माश्या वारायची शेपटीची चवरी. कुठलंही भांडण, सोयरीक, वाईट बातमी, सगळं त्याच्या तोंडून व्हायचं. गावापासून आदिसअबाबापर्यंत तो वोर्कनेशच्या कुटुंबासोबत चालत आला होता.

तो माझ्या घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "मी बोलेन. जज्जबाईंशी, बंद दाराआड. आम्ही दोघंच जाऊ, मी आणि वोर्कनेश. पोराला आणू नका."

पोरगा म्हणजे गेताहून, वोर्कनेशचा मुलगा. पंचवीस वर्षांचा, कारखान्यात इलेक्ट्रिशियन. विमानातून उतरला तेव्हा सहा महिन्यांचा होता, तिच्या पाठीला बांधलेला. हिब्रू इथल्याच मातीतली, कुणाला न भिणारा. असा मुलगा घरात असताना बंद दार कशाला?

"का नको त्याला?" मी विचारलं.

"नको," आबा म्हणाला.

"कारण सांगाल की नाही?"

"काही गोष्टी कारण न विचारता करायच्या असतात, बाई."

मला राग आला. म्हाताऱ्यांना सगळीकडे आपलंच तोंड हवं असतं, आमच्या पेणच्या मुकादमांनाही हवं असायचं. बायकांनी गप्प बसायचं आणि यांनी चवरी हलवत बोलायचं. मी वोर्कनेशकडे गेले. ती तव्यावर इंजेरा घालत होती, मोठ्या घावनासारखं पीठ गोल गोल सोडत.

म्हटलं, "हे बघ, तुझ्या वयाबद्दल तूच बोलायचं. आम्ही स्वतः बोललो म्हणून आम्हाला मिळालं. आबाचं पत्र पुरे. तुझ्यासोबत मी येते आणि गेताहून येईल, तो नीट समजावून सांगेल. चालेल ना?"

तिनं तव्यावर झाकण ठेवलं. बराच वेळ ते झाकणच धरून उभी राहिली.

"इशी," ती म्हणाली.

आणि मी, जिनं पंचवीस वर्षं कारकुनांची टिंगल केली, ते होय म्हणून घेतलं आणि घरी आले.

कोर्टाच्या दिवशी तिनं पांढरे कपडे घातले होते. गेताहूननं सुट्टी घेतली होती, मित्राची गाडी आणली होती. वाटेत तो तिची थट्टा करत होता. "आई, आज तू एका दिवसात पंधरा वर्षांनी मोठी होणार. केक आणू का?" ती खिडकीबाहेर बघत होती.

जज्जबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला आज बरं वाटलं असतं. त्यांनी वोर्कनेशला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सावकाश बोलल्या. टोळधाडीचं विचारलं, घागरीचं विचारलं. वोर्कनेशनं मान खाली घालून, पण नीट सांगितलं. गेताहून शब्द न शब्द हिब्रूत करत होता. मला वाटलं, जिंकलो.

मग जज्जबाईंनी वोर्कनेश विमानातून उतरली त्या दिवशीचा फॉर्म काढला. "इथं लिहिलंय, तुमच्यासोबत सहा महिन्यांचं बाळ होतं. मुलगा. हाच का तो?"

"हो, मीच," गेताहून हसून म्हणाला.

"तुमच्या हिशेबानं तुम्ही तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होता. त्या वयात, चालून चालून दमलेल्या बाईला मूल होणं कठीण असतं. म्हणून मला विचारावं लागतंय. हा तुमच्या पोटचा मुलगा आहे का?"

गेताहूननं हे भाषांतरही केलं. थोडं लाजत, आईला असलं विचारावं लागतंय म्हणून. वोर्कनेशनं पहिल्यांदाच मान वर केली. जज्जबाईंकडे नाही पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

"मग शेहेचाळिसाव्या वर्षी तुम्ही याला जन्म दिलात, असं म्हणता?"

वोर्कनेशची मान पुन्हा खाली गेली.

"की कारकुनानं लिहिलेलं वयच बरोबर होतं?"

"इशी," वोर्कनेश म्हणाली.

वकील पोरगी उठून काहीतरी बोलली. आबाचं पत्र दाखवलं. त्या पत्रात 'मी हिला लहानपणापासून ओळखतो' एवढंच होतं. बाकीचं तो बंद दाराआड सांगणार होता. जज्जबाईंनी विचारलं, हे गृहस्थ कुठं आहेत? कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणजे, माझ्याकडे होतं. मी मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

अर्ज फेटाळला. जन्म एक जानेवारी एकोणीसशे साठ. तसाच.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे तीन फेऱ्या. बिया भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या चंबूत उकळायच्या, आणि तिसरी पेली प्यायल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या पेलीला मी तिच्यावर खेकसले. "अगं, सहा महिने घातले मी. आणि तू तिथं मान डोलावून आलीस. एक वाक्य बोलायचं होतं. सात वर्षं अजून बादल्या उचलणार आहेस, कळतंय का?"

ती पंख्यानं निखारे फुलवत राहिली.

दुसरी पेली मी दोन घोटांत संपवली. तिसरी ओतताना ती म्हणाली, "मला एक मुलगी होती. बिर्तुकान. तुझ्याकडे संत्रं म्हणतात ना, ते नाव."

मला वाटलं ती विषय बदलते आहे.

"आदिसअबाबात आम्ही विमानाची वाट बघत होतो. मातीची खोली, अकरा माणसं. तिथं तिला मुलगा झाला. दोन महिन्यांनी ताप आला आणि ती गेली. नवऱ्याला आधीच सैन्यात नेलं होतं, तो परतला नाही. पोर मी पाठीला बांधलं. इथं उतरले तर कारकून पाठीवरच्या पोराकडे बघून म्हणाला, तुझं? मी म्हटलं, इशी. माझंच तर होतं. मग तो म्हणाला, तीस लिहू? एवढ्या लहान बाळाची आई, तीसच असणार."

मी पेली खाली ठेवली.

"गेताहूनला माहीत नाही?"

"नाही. आमच्यात मरणाची बातमी कुणी अशीच सांगत नाही. म्हातारी माणसं जमतात, पहाटे, दार वाजवतात. चार माणसं धरायला असतात तेव्हा सांगायचं. लहानपणी कसं सांगणार? म्हटलं, मोठा होऊ दे. मग सैन्यात गेला, म्हटलं, परत येऊ दे. मग म्हटलं, लग्न होऊ दे, बायको असेल धरायला. आबा म्हणायचा, मी सांगेन, तू दिवस ठरव. मी दिवस ठरवलाच नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगितलं की त्याची आई त्या दिवशी मरेल. आत्ता जिवंत आहे ती. मी आहे ना."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी त्याला कोर्टात आणते म्हणाले तेव्हा?"

ती माझ्याकडे बघून हसली. राग नव्हता त्यात. तो असता तर मी काहीतरी बोलू शकले असते.

"तू इतकं केलंस माझ्यासाठी," ती म्हणाली. "तुला नाही कसं म्हणणार?"

अपील करता येतं. वकील पोरीचे दोन फोन आले. आबा तगेन्येला कोर्टात न्या, खरं काय ते सांगा, होईल. पण ते कागदावर येणार, निकालात छापणार, आणि निकाल गेताहूनच्याच हातात पडणार, कारण घरात हिब्रू वाचणारा तोच. मी आबाकडे गेले. माफी मागितली. त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "दिवस तिनं ठरवायचा." एवढंच. आबाच्या घरातून बाहेर पडले आणि रस्त्यात उभी राहिले, कुठं जावं तेच सुचेना. माझ्याकडे सगळे कागद होते. माझे, माझ्या भावंडांचे, आता वोर्कनेशचीही अख्खी फाइल. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

त्या आठवड्यात गेताहून मला जिन्यात भेटला. कामावरून आला होता, खांद्यावर वायरची भेंडोळी. मला बघून थांबला. पहिल्यासारखा हसला नाही.

"मावशी, एक विचारू?"

"विचार की."

"आईनं तुला टोळधाडीचं वगैरे सांगितलं, ते तिनं पेन्शनसाठी रचलं होतं का गं? म्हणजे मला राग नाही. सगळेच काहीबाही सांगतात. पण जज्जबाईंनी सरळ विचारलं आणि तिनं लगेच मान्य केलं. मीच भाषांतर करत होतो. लाज वाटली मला." तो भेंडोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाला, "तुला माहीत असणार. खोटं बोलली ना ती?"

वरच्या मजल्यावर दार उघडलं. वोर्कनेशचं पाऊल मी ओळखते, आधी भिंतीवर हात, मग एक पायरी, मग थांबणं. ती वरून ऐकत होती.

मी मान खाली घातली. पायरीचा कोपरा तुटलेला होता, तो बघत राहिले.

"इशी," मी म्हटलं.