माळ्यावरचे अण्णा

कुठल्याही घरात शिरले की नारायणअण्णा आधी चपला काढत आणि मग हात वर करून तळवा छताकडं धरत. चहापाणी, विचारपूस सगळं नंतर. क्षणभर डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "नोड्री, बघा, तुमचं घर वरनं भाजतंय." लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच उद्योग धरला होता. आमच्या कानडी मुलखातल्या सप्तापुरात कौलारू घरांच्या माळ्यावर चढायचं आणि वाशांच्या खालून चकचकीत फॉइल ठोकायचं. मग कौलांची धग खाली उतरत नाही, आणि एसी दिवसभर चालवावा लागत नाही.

माणूस भलता हेकट. चकाकी जमिनीकडं, कौल आणि फॉइलमध्ये चार बोटं हवा, यात तडजोड नाही. चकचकीत बाजू वरच हवी, असा वाद एका प्राध्यापकांनी त्यांच्याशी तासभर घातला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "वर धूळ बसते, सर. धुळीखाली आरशाचं काय चालतंय?" म्हणाले आणि शिडी त्यांच्यापुढं सरकवली.

एका गोष्टीला मात्र ते मनापासून भीत. नोकरीत त्यांचे दोन सोबती खांबावरच गेले होते. "फॉइल म्हणजे धातू. एक पिन वायरीत शिरली की अख्खं छत जिवंत. माळ्यावर चूक एकदाच होते," असं ते म्हणत, तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. म्हणून मेन ते स्वतः बंद करत आणि फ्यूज काढून खिशात टाकत. मग शिडीवरून घरमालकाला तीनदा विचारत, "दुसरी लाईन इल्ल ना, नाही ना?" या जुन्या घरांत कुणी कधी कुठून वायर ओढली, ते मालकालाच ठाऊक. तीनदा 'नाही' ऐकल्याशिवाय ते वरची पायरी चढत नसत.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते आमच्याकडं आले. आमच्या मागच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या. त्यांच्यासाठी मी वेगळ्या मीटरवरून एक वायर माळ्यातून नेली होती, वीजखात्याला न सांगता; आमचं मेन बंद केलं तरी ती चालूच राहायची. दिसू नये म्हणून वाशावर पातळ लाकडी पट्टी ठोकून ती झाकली होती. अण्णांना कळलं असतं तर चारचौघांत माझी हजेरी घेतली असती, कामही अर्धवट टाकून गेले असते. तेवढ्या भीतीपायी मी पहिल्यांदा "नाही" म्हणालो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला आजही वाटतं. मी म्हणालो, "नाही हो अण्णा, चढा तुम्ही."

दुपारभर वरून पिना मारल्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला मी शिडीपाशी जात होतो आणि हाक न मारताच परत येत होतो. पट्टी पार पलीकडच्या बाजूला आहे, चहाला उतरले की सांगू, अशी मी मनाची समजूत घालत होतो. मग आवाज थांबले. मी दोनदा हाक मारली. वरून काहीच आलं नाही.

अण्णा गेल्यावर लोक म्हणाले, वय झालं होतं, मेन बंद करायचं विसरले असतील. मी ते खोडून काढलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाही. विद्यार्थी गेले, वायर मी काढून टाकली, आणि अण्णांच्या घरावरून जाणं बंद केलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नी, शांताक्का, स्वतःच दारात आल्या. बसल्या नाहीत. "एवढंच सांगा. त्या दिवशीच्या त्यांच्या शर्टाच्या खिशात परवा फ्यूज सापडला. मग विसरले कसे? माझी लेक आजही म्हणते, अप्पांनी हयगय केली आणि आम्हाला उघड्यावर टाकलं."

मी सगळं सांगितलं. तिन्ही 'नाही' सांगितली. मला वाटलं त्या रडतील, शाप देतील. त्यांनी फक्त पिशवीतून फोन काढला, बेळगावच्या लेकीला लावला आणि माझ्या हातात दिला. "हे तिला सांगा. आत्ता. मग पोलिसांकडं मी तुमच्यासोबत येते."

मी बोलत गेलो. मग ती म्हणाली, "म्हणजे अप्पांचं काही चुकलं नव्हतं."

"नाही," मी म्हणालो. अण्णांच्या बाबतीत माझं एवढंच 'नाही' खरं होतं.