सहावी ब मधली रिकामी खाट

शनिवारची दुपार आहे आणि मला झोप लागते आहे. निदान मला तसं वाटतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी सुरू होते आणि संपतच नाही, नुसती लांबत जाते, आणि मी तिला विचारते, संपणार आहेस की नाही? शिट्टीला प्रश्न विचारणारा माणूस जागा नसणार. पण डोक्यावरचा पंखा मला स्पष्ट दिसतो आहे, डोळे मिटलेले असताना. तेव्हा झोपेवरही माझा पुरता विश्वास नाही.

उद्या शाळेत रक्तदान शिबिर आहे. आई गेल्यानंतरचं पहिलं. ती त्या शाळेची मुख्याध्यापिका होती, शिबिर तिनंच सुरू केलं, आणि यंदापासून त्याला तिचं नाव दिलंय. जमलेल्या पालकांशी मी बोलावं, त्यांना धीर द्यावा, असं शाळेनं ठरवलं आणि मी हो म्हणून बसले. पण शोकसभेहून निघताना, मी चपला शोधत असताना, गिरणीवाल्या थोरातांनी मला गाठलं होतं.

"उल्काताई, राग मानू नका. देशमाने बाईंनी सगळ्या गावाला रक्त द्यायला त्या खाटेवर निजवलं. पण बाई स्वतः कधी निजल्या का हो? आमी तर कधी बघितलं नाही."

मी म्हटलं, "दिलं असेल की."

"असंल, असंल," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून ते "असंल" माझ्या दातात अडकून बसलं आहे. तिनं दिलं नसेल, तर तिच्या नावानं मी लोकांना काय सांगू? रोज वाटतं, शाळेला फोन करावा आणि सांगावं, मला जमणार नाही.

शिट्टी थांबते. स्वयंपाकघरात कुणीतरी मेथी निवडतंय.

मी उठत नाही, तरी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आई जमिनीवर पाय पसरून बसली आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून तिला असं बसता येत नव्हतं. मेथीची जुडी तिच्या मांडीवर आहे आणि ती पानं टाकून काड्या ठेवते आहे.

"उल्का बाळ," ती म्हणते, "उद्या बोलणार ना?"

मी दारातच थांबते. माझ्या आईनं मला कधी बाळ म्हटलेलं नाही. उल्के, म्हणायची. फारच माया आली तर, ए उल्के.

"तुम्ही कोण?" मी विचारते.

"हे काय विचारणं झालं?"

"माझी आई असाल तर सांगा, चौथीत असताना मी काय हरवलं होतं?"

"छत्री. नवी कोरी. आणि माझी होती ती."

बरोबर आहे. पण बरोबर असून उपयोग काय? छत्रीचं मला माहीत आहेच. मला जे जे माहीत आहे ते या बाईलाही माहीत असणार; ती माझ्याच डोक्यात बसून मेथी निवडते आहे.

"इतका संशय बरा नव्हे," ती म्हणते आणि हात धुवायला नळ सोडते. नळाशेजारी नळ आहे, त्याच्या शेजारी आणखी नळ, आणि खाली लांबलचक सिमेंटची मोरी. शाळेची पाण्याची टाकी. मी आई म्हणायला तोंड उघडते आणि मिटते. शाळेच्या आवारात ती बाई, आणि तू नाही, तुम्ही. नियम तिचाच.

व्हरांड्यात रांग आहे. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली आहेत, आणि सगळ्यांच्या बाह्या आधीच वर केलेल्या आहेत.

"काढलेलं रगत परत भरून येतं म्हणत्यात," लाल पदराची एक बाई शेजारणीला म्हणते, "पर कुनी बघितलंय?"

"आन नेऊन त्याचं करत्यात काय, ते तरी आपल्याला कुठं म्हाईत?"

आई पुढे होते. "सगुणा, डोक्यावरचे केस गळतात, परत येतात. ते येताना बघितलेस का कधी?"

रांगेतले थोरात टोपी काढतात. डोकं लख्ख. "बाई, माझं कुठं आलं?"

रांग खो खो हसते.

"डोकं राहू द्या थोरात, हात दाखवा."

"दावतो की. पर माझ्या रगतात पीठ निघंल, आधीच सांगून ठेवतो."

"चाळून घेतील."

"घ्याच यांचं, बाई," थोरातांची बायको मागून म्हणते. "लई झालंय अंगात. रोज मला बघून उसळतंय."

मीही हसते, आणि हसता हसता सावध होते. हे सगळं माझं ऐकलेलंच आहे. कुठल्या कुठल्या वर्षांतलं जमवून कुणीतरी माझ्यापुढे मांडतंय. फसवायचं असलं की माणसं आधी हसवतात.

व्हरांडा संपत नाही, तोच आम्ही सहावी ब च्या वर्गात आहोत. बाकं भिंतीला रचून ठेवली आहेत आणि मध्ये खाटा. प्रत्येक खाटेवर एक माणूस, आणि प्रत्येक खाटेशी स्टुलावर एक मूल. ही आईची रीत होती. रक्त द्यायला येणाऱ्यानं आपलं मूल बरोबर आणायचं, आणि सुई नसलेला हात त्या मुलानं धरून ठेवायचा. मुलं घरी जाऊन हट्ट धरायची, मला स्टुलावर बसायचंय. गावातली निम्मी माणसं त्या हट्टापायी आली. माझ्या वडिलांना साखर होती, रोज सुई टोचून घ्यायचे, त्यांचं रक्त चालत नसे. आई कामात असायची. मी बिस्किटं वाटायचे.

कोपऱ्यातली एक खाट रिकामी आहे. तिच्याशीही स्टूल आहे.

"बस," आई म्हणते.

मी बसते. "आता तुम्ही निजा."

"बाहेर रांग आहे."

"रांग नेहमीच होती."

"उल्का बाळ..."

"बाळ म्हणू नका. आणि मला माहीत नाही असं काहीतरी सांगा. छत्री नको."

ती फळ्याकडे वळते. फळ्यावर ओल चढत जाते, फळा काचेसारखा होतो, आणि काचेपलीकडे पहाटेचं मैदान दिसतं. आम्ही गाडीत आहोत. कराडहून येणारी रक्तपेढीची गाडी. पण तिच्या खिडक्यांना आमच्या घरचे पडदे आहेत. अजून कुणी आलेलं नाही. टेबलावर काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी. शिबिरात प्रत्येकाच्या बोटाचा एक थेंब या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर रक्तात कस आहे, तुमचं रक्त घेतात. तरंगला तर हात जोडून घरी पाठवतात.

आई वाटाण्याची शेंग सोलावी इतक्या सहज बोटाला टोचते. थेंब पडतो. आणि वरच राहतो, निळ्यावर गोल, लाल, न हलता.

"दरवर्षी," ती म्हणते. "तुम्ही सगळे यायच्या आधी मी तपासून घ्यायचे. दरवर्षी हे असं."

"मग सांगायचं ना."

"बाईंचंच घेत नाहीत, हे कळल्यावर कोणती बाई बोट पुढे करणार होती?"

माझ्या छातीवरचं ओझं उतरतं. इतकं चटकन उतरतं की मला पुन्हा शंका येते.

"हे मला हवं होतं तेच उत्तर आहे," मी म्हणते. "उद्या माईकवर सांगता येईल असं. लोक डोळे पुसतील."

"मग?"

"मग हे तू बोलत नाहीस. मी बोलते आहे, तुझ्या तोंडानं."

ती माझ्याकडे बघते, आणि पहिल्यांदाच ती नजर माझ्या ओळखीची असते. शेजारणीच्या वहीतून उतरवलेलं गणित दाखवणाऱ्या मुलीकडे ती असं बघायची.

"सोयीचं वाटलं होय? मग गैरसोयीचं ऐक, उल्के."

उल्के.

"एका वर्षी थेंब बुडाला. सरळ तळाला. गाडीतल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, चला बाई, यंदा जमलं तुमचं. मी म्हटलं, आलेच. आणि गेलेच नाही. दिवसभर पाणी वाटलं, सतरंज्या झटकल्या, ज्यांची ओळखसुद्धा नव्हती त्यांच्या सासूची चौकशी केली."

"का?"

"भ्यायले."

"सुईला?"

"नाहीतर काय, मोरचुदाला? बोटाला टोचणं निराळं, हातात शिरणारी ती जाड सुई निराळी. थेंब तरंगला की मी दरवर्षी चेहरा पाडायचे, आणि आतून मला बरं वाटायचं. सुटले, असं. त्या वर्षी सुटायला जागाच राहिली नाही."

"आणि लोकांना मात्र..."

"लोकांना मात्र घरी जाऊन जाऊन आणलं. हो." ती पडदा सारखा करते. "हात धरायला मूल बसवावं, हे मला कसं सुचलं असेल? धीट माणसाला सुचतं का ते?"

मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. गेलेल्या माणसाला मोठं करणारी वाक्यं मला भराभर सुचतात. हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी मी ते तिच्या तोंडी घातलं नसतं.

"थोरात उद्या विचारणार," मी म्हणते.

"विचारणारच. खाज आहे त्याला."

"काय सांगू?"

"हेच सांग."

"सगळं?"

"सगळं. पण आधी त्याला निजव. सुई आत गेली की मग सांग. म्हणजे उठून जायचा नाही."

आता मला काही विचारायचं उरत नाही. जगात हे दुसरं कुणी म्हटलं नसतं.

सहावी ब चा वर्ग रिकामा झाला आहे. ती कोपऱ्यातल्या खाटेवर बसते, चपला काढते, एकीशेजारी दुसरी नीट लावते आणि आडवी होते. डोळे घट्ट मिटते.

"हात," ती म्हणते.

मी डावा हात देते. पलीकडून कुणीतरी वाकतं, त्याचा चेहरा मला दिसत नाही.

"तिकडे बघू नकोस. तू बघितलंस की मला कळतं."

"नाही बघत."

"झालं का?"

"अजून नाही."

"आता?"

"आई, अजून सुई आणलीच नाहीये."

"मग लवकर करायला सांग ना त्यांना," ती म्हणते, आणि आपल्या लहानशा पंजानं माझा हात इतका आवळते की मला ओरडावंसं वाटतं. "ए उल्के, जाऊ नकोस हं."

ऊन भिंतीवरून कपाटावर गेलं आहे. मी उठून बसते. घरात कुणी नाही, ओट्यावर काही नाही. डाव्या हाताला ठणका लागला आहे.

हाताच्या पाठीवर चार चंद्रकोरी उमटल्या आहेत. नखांच्या.

माझीच असणार. झोपेत माणूस स्वतःचा हात धरतो. मी उजव्या हाताची बोटं त्या खुणांवर ठेवून बघते. माझा पंजा वडिलांवर गेलेला, रुंद. पहिलं बोट पहिल्या खुणेवर ठेवलं की बाकीची तीन भलतीकडे पडतात. बोटं एकमेकांना चिकटवून बघते. तरी जमत नाही. ज्या हाताच्या या खुणा आहेत तो लहान आहे. मी उलट्या बाजूनं बघते, मनगट वळवून बघते, खिडकीशी जाऊन बघते.

शाळेला करायचा फोन मी करत नाही. हात उन्हात धरते. तीन खुणा विरत चालल्या आहेत. करंगळीची चौथी अजून तशीच आहे, खोल आणि लाल, आणि बोट लावलं की दुखते.