मेजावरचं डाळिंब

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील साखर कारखान्यात कामाला. संपाची, दारूबंदीची, जातीविरुद्धची, चर्चच्या दारात वाटली जाणारी सुवार्तेची, अशी सगळी पत्रकं ते पत्र्याच्या एकाच पेटीत ठेवत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. म्हणून आजही काही नवं समोर आलं की माझ्या मनात आधी येतं, हे कुणी काढलं आणि आत्ताच का काढलं?

गेल्या वर्षी कापणीच्या सणाला दोन आठवडे असताना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, की भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजावर यंदा नवं कापड येणार आणि त्यावर डाळिंब भरलेलं असणार. मखमल आमच्या मंडळीच्या कारभारातल्या एका पंचांनी दिली होती. त्यांच्या डाळिंबाच्या बागा थेट देवळालीच्या रस्त्यापर्यंत आहेत. भरतकाम करत होती आमच्या शेजारची मावशी. ती त्याच पंचांच्या शेडमध्ये फळं निवडायला जाते. मेजाच्या कापडाचं काम आजवर पंचांच्या घरच्या बायकाच करत आल्या. शेडमधल्या बाईच्या हातचं काम तिथं पहिल्यांदा जाणार होतं. उन्हाळाभर ती दारात बसून टाके घालत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "हात धुतलेत का?" विचारून मगच कापड दाखवत होती.

त्या रविवारचा उपदेश डाळिंबावरच होता. एका सालीत शेकडो दाणे, तशी अनेकांची मिळून एक मंडळी. लोक माना डोलावत होते, मी सावध झाले. महिन्यापूर्वीच शेडमधल्या बायकांनी संडास मागितला होता आणि पंच म्हणाले होते, आपण सगळे एकाच घरचे, मागण्या कसल्या करता? खालचा माणूस बोलायला लागला की वरच्याला ऐक्य आठवतं, हे मी पेटीतल्या निम्म्या पत्रकांत वाचलं होतं.

घरी येऊन पवित्र शास्त्र उघडलं. डाळिंब सापडलं, पण बहुतेक मोठ्यांच्या अंगावर. प्रमुख याजकाच्या झग्याच्या घेराला एक सोन्याचं घुंगरू, एक डाळिंब, पुन्हा घुंगरू, पुन्हा डाळिंब. शलमोनाच्या मंदिरातल्या खांबांच्या कळसांवर डाळिंबांच्या रांगा. वचनदत्त देश हेरायला गेलेले लोक द्राक्षांच्या घडाबरोबर डाळिंबंही घेऊन येतात. संदेष्टा सांगतो की डाळिंबाचं झाड वाळलं आणि माणसांचा आनंदही वाळला. नव्या करारात मात्र डाळिंब एकदाही नाही. बाळ येशूच्या हातात उकललेलं डाळिंब दिलं ते पुढच्या चित्रकारांनी. फुटलेलं फळ म्हणजे दुःखसहन, आतले लाल दाणे म्हणजे पुनरुत्थान, असा अर्थ मग परंपरेनं लावला. मी वहीत लिहिलं, 'सुतार येशूनं ज्याचं नावही काढलं नाही, ते फळ त्याच्या मेजावर कोण ठेवतंय?'

उत्तर मला श्रीरामपूरच्या बाजारात मिळालं. पंचांच्या मालाचे खोके टेम्पोतून उतरत होते आणि प्रत्येक खोक्यावर अर्धं उकललेलं डाळिंब छापलेलं होतं. वर मुकुटासारखं टोक, डावीकडे सुटलेले तीन दाणे. मावशीच्या कापडावरचं डाळिंब रेघेला रेघ तेच होतं.

मी तिथूनच झेरॉक्सच्या दुकानात गेले. पत्रकाचं नाव ठेवलं 'प्रभूचं मेज की मालाची जाहिरात?'. शेवटी संडासाची मागणी जाड अक्षरात. बुधवारी पन्नास प्रती वाटल्या, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. गुरुवारी सगळ्या पंचांची बैठक झाली आणि कापड कपाटात कुलूपबंद झालं. मला वाटलं, जिंकले.

शुक्रवारी संध्याकाळी मावशीकडे गेले. ती भाकरी थापत होती.

"या, पत्रकवाल्या बाई," ती वर न बघता म्हणाली. "बसा. हितं जाहिरात न्हाई लागली कुठं."

"मावशी, त्यांनी तुझ्याकडून स्वतःचा छाप भरून घेतला. तुला कळलंसुद्धा नाही."

"मला न्हाई कळलं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि फळीवरच्या बायबलातून कार्बनचा चुरगळलेला कागद काढून माझ्या मांडीवर टाकला. "मला चित्र येतं व्हय काढता? बाजारात छाप मिळत्यात ते गुलाबाचं न् मोराचं. खोक्यावरचं बरं हुतं. खाली कार्बन घातला न् उतरवलं."

"आणि पंच?"

"त्यांनी क्रूस सांगितल्ता. डाळिंब माझं. पाळकसायबांनी उपदेश मागनं जुळवला."

मी विचारलं, डाळिंबच का?

"याजकाच्या झग्याला दोन घुंगरांच्या मधी डाळिंब कशाला, सांग की. एवढं वाचलंस."

"शोभेला."

"घुंगरं एकमेकावर आपटू नयेत म्हणून. आमी खोक्यात फळाफळाच्या मधी जाळी घालतो, तसं. आपल्या मंडळीत लई आपटतंय, म्हणून म्हणलं मेजावर डाळिंब असावं." तिनं भाकरी उलटली. "तू मातर माझ्या दारावरनं तीनदा गेलीस न् इचारलं न्हाईस."

मी म्हणाले, दुसरं पत्रक काढते.

"काढ. पर तुझं ते भडक शब्द नकोत. कार्बन मी लावला, एवढं लिही."

"संडासाचं काढून टाकू?"

"ते कशाला? ते खरं हाय."

सणाच्या रविवारी उपासनेत जाहीर सूचनांच्या वेळी मी उभी राहिले आणि दुसऱ्या पत्रकाच्या सात ओळी वाचल्या. चूक माझी, मी विचारलं नाही, चित्र मावशीनं उतरवलं, संडास अजून झालेला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंच उठून फार गोड आवाजात म्हणाले, "घाला की कापड. एका घरातल्या गोष्टी आहेत." संडासाबद्दल चकार शब्द नाही. त्या गोड आवाजावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही आणि आजही नाही.

कपाट उघडलं. मावशीनं मेजावर कापड अंथरलं, दोन्ही हातांनी सुरकुत्या काढल्या आणि खाली येऊन बसली.

प्रभुभोजनाआधी आमच्यात ज्याचं ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी हात मिळवायची रीत आहे. तसं केल्याशिवाय मेजापाशी जायचं नाही. मी मावशीपुढे हात केला नाही, कुठल्या तोंडानं करणार? रांग लागली तेव्हा मी बाकावरच राहिले. मावशी रांगेत बरीच पुढे गेली होती. ती वळली, लोकांना बाजूला सारत माझ्या बाकाशी आली.

"ऊठ."

"मावशी, मी नंतर येईन."

"नंतर काय? लांबनं बघून लिहितीस, आता जवळनं बघ." तिनं माझं मनगट धरलं. हात खरखरीत होता, सुईनं टोचलेली बोटं मला जाणवत होती. आम्ही दोघी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो.